दृश्यमाध्यमांतील पूर्वसूचना

चित्रपट, नाटक, दूरचित्रवाणी किंवा चित्रफीत यांत लैंगिक व्यवहार, हिंसा, क्रौर्य इत्यादींचे जे चित्रण असते, त्याची कल्पना प्रेक्षकाला ते पाहण्यापूर्वीच देणारे निवेदन म्हणजे पूर्वसूचना होय. परिनिरीक्षणाशी, म्हणजे सेन्सॉरच्या कारभाराशी, तिचे जवळचे नाते असले, तरी दोहोंत मूलभूत फरक आहे. परिनिरीक्षणात प्रेक्षकाच्या वतीने दुसराच कोणी निर्णय घेतो. पूर्वसूचनेत तो निर्णय प्रेक्षकावर सोपविलेला असतो. भारतात या दोन्ही गोष्टी दीर्घकाळ एकाच प्रमाणपत्रात एकत्र नांदल्या. परिणामी ‘हे कोणी पाहू नये’ एवढेच सांगितले गेले. ‘यात काय आहे’ हे सांगण्याची प्रथा फार उशिरा पडली.

महाराष्ट्रापुरता या विषयाचा बहुतेक इतिहास मुंबईत घडला. मंडळे तेथे होती, न्यायालय तेथे होते आणि वादग्रस्त कलाकृतीही बहुधा तेथेच निर्माण झाल्या. परंतु पूर्वसूचनेच्या कल्पनेची सर्वांत कठोर कसोटी लागली ती खानदेशात, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या आडवळणी गावी, २०१८ साली. तेथे ना चित्रपटगृह होते, ना प्रमाणपत्र. हातातल्या भ्रमणध्वनीवर आलेली चित्रे व संदेश एवढेच होते. त्या घटनेचा अर्थ लागण्यासाठी प्रमाणपत्राची जुनी व्यवस्था कोणाच्या रक्षणासाठी उभी राहिली होती, हे आधी पाहिले पाहिजे.

पाश्चात्त्य चित्रपटांत पूर्वसूचना प्रथम आली ती काहीशी जाहिरातीच्या रूपात. फ्रँकेन्स्टाइन (१९३१) या अमेरिकन चित्रपटाच्या आरंभी एक नट पडद्याआडून पुढे येतो व पुढील कथा भयकारी असल्याचे प्रेक्षकांना बजावतो. या बजावण्याने खुर्ची सोडून कोणी निघून जावे, अशी निर्मात्याची अपेक्षा नव्हती. उलट तिने उत्कंठाच वाढली. पुढील वर्षी टॉड ब्राउनिंग या दिग्दर्शकाचा फ्रीक्स (१९३२) हा चित्रपट आला. फिरत्या सर्कशीत काम करणारी, शारीरिक व्यंगे असलेली माणसे त्यात स्वतःच्याच रूपात वावरली. त्यांच्यातील एका बुटक्या गृहस्थाशी पैशासाठी लग्न करून त्याला विष घालणारी धडधाकट स्त्री आणि तिच्यावर या उपेक्षितांनी उगवलेला सूड, हे त्याचे कथानक. निर्मितिसंस्थेने तो प्रदर्शनापूर्वी बराच कापला, तरी प्रेक्षक बिथरले. ब्रिटनमध्ये तर १९६३ पर्यंत तो दाखविता आला नाही. नंतरच्या पुनःप्रदर्शनात त्याच्या आरंभी एक लांबलचक लेखी निवेदन जोडण्यात आले. त्यात प्रेक्षकाला सावध करणे, व्यंग असलेल्यांबद्दल कणव व्यक्त करणे आणि तिकीटविक्रीस हातभार लावणे ही तिन्ही कामे एकदम साधली होती. ज्यांचे चित्रण झाले त्या माणसांचे मात्र त्या निवेदनाने काही भले झाल्याचे दिसत नाही. पूर्वसूचनेच्या इतिहासात हा दोष पुढेही वारंवार आढळतो.

प्रमाणपत्राची व्यवस्था : ब्रिटिश हिंदुस्थानात चित्रपटविषयक पहिला अधिनियम १९१८ साली झाला व १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून येथे परिनिरीक्षण मंडळे स्थापन झाली. त्यांचा कारभार प्रामुख्याने पोलीस आयुक्तांच्या हाती होता. सरकारला धास्ती होती ती राजकीय असंतोषाची आणि गोऱ्या समाजाची अब्रू एतद्देशीयांच्या नजरेत उतरेल याची. लहान मुलांच्या कोवळ्या मनाची चिंता त्या मानाने गौण होती. कोहिनूर कंपनीच्या भक्त विदुर (१९२१) या पौराणिक चित्रपटातील विदुराचे महात्मा गांधींशी साम्य दिसल्यामुळे काही प्रांतांत त्यावर बंदी आली, हे या धास्तीचे बोलके उदाहरण आहे. १९२७-२८ मधील रंगाचारियार समितीने या कारभाराची विस्तृत चौकशी केली; तथापि तिच्या शिफारशींवर फारशी कृती झाली नाही.

प्रेक्षकांचे वयानुसार वर्गीकरण स्वातंत्र्यानंतर आले. १९४९ च्या दुरुस्तीने सर्वांसाठी ‘यू’ व केवळ प्रौढांसाठी ‘ए’ अशी दोन प्रमाणपत्रे ठरली; १९५१ मध्ये केंद्रीय मंडळ अस्तित्वात आले आणि १९५२ च्या चलच्चित्र अधिनियमाने या साऱ्याला कायमचे रूप दिले. अठरा वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती प्रौढ मानली गेली. चित्रपट सुरू होताना काही क्षण पडद्यावर झळकणारे ते प्रमाणपत्र भारतीय प्रेक्षकाच्या चांगलेच ओळखीचे आहे. शिट्ट्या, खुर्च्यांची करकर आणि उशिरा येणाऱ्यांची चाचपड यांत ते वाचणारे थोडे. वाचत त्यांचे लक्षही बहुधा चित्रपट किती रिळांचा आहे यावर असे. काटछाट झालेल्या चित्रपटाच्या प्रमाणपत्रावर एक त्रिकोण असे. म्हणजे काहीतरी काढून टाकले आहे, हे जाणत्या प्रेक्षकाला समजे. पण जे ठेवले आहे त्याचे स्वरूप काय, बलात्काराचे दृश्य आहे की केवळ एखादे उत्तान नृत्य, हे समजण्यास त्या कागदावर काहीच आधार नव्हता. ‘ए’ या एका अक्षरात क्रौर्य, कामुकता, सामाजिक विदारकता आणि निव्वळ भयकथा हे सारे एकत्र कोंबले गेले. याचा एक अनिष्ट परिणाम असा की, ‘केवळ प्रौढांसाठी’ हे शब्द सूचनेऐवजी आमिष ठरले आणि गंभीर चित्रपटांनाही त्या आमिषाचा डाग लागला.

खानदेशातील प्रदर्शन : खानदेश जिल्ह्याचे १९०६ साली पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले, तेच पुढे अनुक्रमे जळगाव व धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागले. धुळ्यातून १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. या प्रदेशात जळगाव, भुसावळ, धुळे, अमळनेर यांसारख्या कापूस, गिरण्या व रेल्वे यांच्या आधाराने वाढलेल्या गावी चित्रपट कायम वास्तूंत दाखविला गेला, तर ग्रामीण भागात तो तंबूतून पोहोचला. सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा, धुळ्याची एकवीरा देवीची यात्रा, मुक्ताईची यात्रा अशा मेळ्यांत तमाशाच्या फडांशेजारी टुरिंग टॉकीजचा तंबू ही महाराष्ट्रातील यात्रांची सर्वसामान्य रीत होती.

मुंबई राज्याच्या १९५३ च्या चित्रपटगृह विनियमन अधिनियमानुसार प्रदर्शनाचा परवाना जिल्हा दंडाधिकारी देत असे आणि शांततेचा भंग होण्याचा संभव दिसल्यास एखाद्या चित्रपटाचे प्रदर्शन थांबविण्याचा अधिकारही शासनयंत्रणेकडे होता. या व्यवस्थेचे मर्म तिच्या कठोरपणात नव्हते. बैलगाडीतून मुलाबाळांसह मुक्कामाला आलेल्या कुटुंबातील कोणाचे वय किती, हे तंबूच्या दारावरील माणूस विचारीत बसेल, अशी अपेक्षा करणे व्यर्थच होते. मर्म होते ते उत्तरदायित्वात. दाखविणारा कोण, त्याचा परवाना कोणता, चित्रपट कोणाचा आणि तो कोठे सुरू होऊन कोठे संपतो, हे ठरलेले होते. पडद्यावरील मारेकरी हा नट आहे, हेही तंबूत बसलेल्या निरक्षर माणसाला पक्के ठाऊक असे. कारण तिकीट, दार, अंधार आणि शेवटी उजळणारे दिवे हीच एक मोठी पूर्वसूचना होती.

अब्बास खटला : प्रमाणपत्राच्या वैधतेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला तो पत्रकार, कथालेखक व दिग्दर्शक ख्वाजा अहमद अब्बास (१९१४–८७) यांनी. चार शहर एक कहानी या त्यांच्या अनुबोधपटात कलकत्ता, मुंबई, मद्रास व दिल्ली या शहरांतील ऐश्वर्य आणि दारिद्र्य यांचा विरोध दाखविला होता. त्यात मुंबईच्या वेश्यावस्तीतील काही दृश्ये होती. मंडळाने अनुबोधपटास ‘ए’ प्रमाणपत्र देऊ केले. ती दृश्ये गाळल्यास ‘यू’ देण्याची तयारी शासनाने दर्शविली. म्हणजे शहराच्या कडेला ढकललेल्या स्त्रिया पडद्यावर आल्या, तर चित्रपट केवळ प्रौढांचा. त्या वगळल्या, तर तो सर्वांचा. २४ सप्टेंबर १९७० रोजी सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी दिलेल्या निर्णयात प्रदर्शनपूर्व परिनिरीक्षण घटनेशी विसंगत नसल्याचे मानण्यात आले. चलच्चित्राचा मनावरील ठसा अन्य कलांहून अधिक खोल असतो, हे त्यामागील प्रमुख कारण होते. परंतु कामविषयक चित्रण म्हणजे अश्लीलता असे समीकरण मांडता येणार नाही, असेही न्यायालयाने स्पष्ट केले. याच सुमारास न्यायमूर्ती खोसला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने (१९६८-६९) मंडळाच्या कारभारावर कडक टीका करून अधिक स्वायत्त व्यवस्थेची शिफारस केली होती.

रंगभूमीवरील प्रयोग : या विषयातील सर्वांत अर्थपूर्ण मराठी प्रसंग चित्रपटात न घडता नाटकात घडला. महाराष्ट्रात नाटकांच्या संहिता प्रयोगापूर्वी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवाव्या लागत. विजय तेंडुलकर (१९२८–२००८) यांचे गिधाडे हे नाटक १९७० मध्ये डॉ. श्रीराम लागू यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आले. पैशासाठी एकमेकांचे लचके तोडणाऱ्या कुटुंबाची ही कथा. तीत भावंडेच बहिणीचा गर्भपात घडवून आणतात आणि तिच्या लुगड्यावर रक्ताचा डाग दिसतो. मंडळाने या लाल डागास हरकत घेतली. तेव्हा डाग निळा करण्यात आला आणि परिनिरीक्षण मंडळाच्या हरकतीमुळे तो निळा दाखविला जात असून प्रेक्षकांनी तो लालच समजावा, असे निवेदन प्रयोगापूर्वी करण्यात येऊ लागले. शासनाचा हुकूम अक्षरशः पाळला गेला. पण त्याचबरोबर प्रेक्षकाला पुढे काय येणार आहे आणि ते त्याच्यापासून का लपविले जात आहे, या दोन्ही गोष्टी एका वाक्यात कळल्या. मराठीत प्रेक्षकाला प्रौढ समजून दिलेली ही बहुधा सर्वांत प्रामाणिक पूर्वसूचना म्हणावी लागेल. ती दिली मात्र कलावंतांनी, मंडळाने नव्हे.

तेंडुलकरांच्याच सखाराम बाइंडर (१९७२) या नाटकाचा मार्ग अधिक खडतर ठरला. घरातून लहानपणीच पळालेला, नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना घरात आसरा देऊन त्यांच्याकडून संसाराची व शय्येची चाकरी घेणारा पुस्तकबांधणी कामगार हा त्याचा नायक. तोही उपरा आणि त्याच्या घरात येणाऱ्या स्त्रियाही उपऱ्याच. कमलाकर सारंग यांनी दिग्दर्शित केलेल्या व निळू फुले, लालन सारंग यांच्या भूमिका असलेल्या या नाटकावर काही प्रयोगांनंतरच बंदी आली. सारंग मुंबई उच्च न्यायालयात गेले व निकाल त्यांच्या बाजूने लागला. तरीही काही संघटनांनी प्रयोगांविरुद्ध निदर्शने केली. हा वाद ‘समाजाच्या नीतीवर काय परिणाम होईल’ या एकाच प्रश्नाभोवती फिरला. लक्ष्मी व चंपा यांच्यासारख्या टाकलेल्या बायका महाराष्ट्रात खरोखर किती आहेत आणि त्यांचे काय होते, हा प्रश्न निदर्शकांना पडला नाही. नाटकाच्या पाठीराख्यांच्या युक्तिवादातही त्याला फारसे स्थान मिळाले नाही.

चित्रित व्यक्ती : पूर्वसूचनेच्या चर्चेत ‘पाहणारा’ हाच केंद्रस्थानी राहिला. चित्रणाचा विषय झालेली व्यक्ती तीत उशिरा आली आणि आली तीही आगंतुकासारखी. गोविंद निहलानी दिग्दर्शित व तेंडुलकर लिखित आक्रोश (१९८०) या हिंदी चित्रपटात पत्नीच्या खुनाचा खोटा आरोप आलेला लहान्या भिकू हा आदिवासी जवळजवळ संपूर्ण कथाभर मूक राहतो. ओम पुरी यांनी रंगविलेले हे मौन चित्रपटाची ताकद ठरले. त्याच वर्षी लक्ष्मण माने यांचे उपरा हे आत्मकथन प्रसिद्ध झाले आणि भटक्या कैकाडी समाजातील माणूस स्वतःच बोलू लागला. या दोन्ही कृती समकालीन असाव्यात, हा योगायोग लक्षणीय आहे: पडद्यावरचा बाहेरचा माणूस गप्प होता, पुस्तकातला बोलत होता.

चित्रित व्यक्तीने स्वतः न्यायालयाचे दार ठोठावल्याचे ठळक उदाहरण बँडिट क्वीन (१९९४) या चित्रपटाचे आहे. शेखर कपूर दिग्दर्शित हा चित्रपट फूलनदेवी (१९६३–२००१) यांच्या जीवनावर आधारित असून त्यात सामूहिक बलात्कार, नग्नावस्थेतील धिंड व हत्याकांड यांची दृश्ये आहेत. जिवंत असलेल्या फूलनदेवींनी आपल्यावरील अत्याचार आपल्या संमतीविना पडद्यावर आणण्यास आक्षेप घेऊन दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. सर्वोच्च न्यायालयापुढे ३ मे १९९६ रोजी निकाली निघालेला वाद मात्र वेगळा होता. चित्रपटामुळे आपल्या समाजाची मानहानी झाली, अशी एका प्रेक्षकाची तक्रार होती. न्यायालयाने ती फेटाळली व ‘ए’ प्रमाणपत्र कायम केले. नग्न धिंडीचे दृश्य वासना चाळविण्यासाठी नसून तिरस्कार उत्पन्न करण्यासाठी आहे, हा न्यायालयाचा अभिप्राय कलादृष्ट्या योग्यच होता. परंतु प्रेक्षकाच्या मनात तिरस्कार उत्पन्न झाला की वासना, या निकषात त्या स्त्रीच्या संमतीला जागा नव्हती.

चित्रफितीचा काळ : १९८० नंतर व्हिडिओ यंत्रांचा प्रसार झाला आणि चित्रपटाला दार उरले नाही. गावोगाव व्हिडिओ केंद्रे निघाली. १९८४ च्या दुरुस्तीने विनाप्रमाणपत्र चित्रफिती दाखविणाऱ्यांस अधिक कडक शिक्षेची तरतूद झाली. खानदेशाच्या सीमेवरील मालेगावात तर यंत्रमाग कामगारांच्या वस्तीतून व्हिडिओवर स्वतःचे चित्रपट काढण्याची हौशी परंपराच उभी राहिली. मालेगाव के शोले हे तिचे प्रसिद्ध फळ. तंत्र स्वस्त झाल्याचा हा आनंददायक भाग होय. त्याची काळी बाजू जळगावात दिसली. १९९४ साली तेथे मुली व स्त्रियांच्या लैंगिक शोषणाचे जे प्रकरण उघडकीस येऊन राज्यभर खळबळ उडाली, त्यात पीडितांची छायाचित्रे काढून त्यांच्या आधारे धमकावल्याचे आरोप होते. या प्रतिमा प्रेक्षकांसाठी नव्हत्याच. त्यांचे सामर्थ्य ‘दाखवू’ या धमकीत होते. प्रमाणन मंडळाच्या कोणत्याही वर्गवारीत बसू न शकणारा हा प्रतिमाप्रकार पुढे भ्रमणध्वनीच्या युगात घरोघरी पोहोचणार होता. पीडितेची ओळख प्रकट करण्यास मनाई करणारे कलम भारतीय दंड संहितेत १९८३ मध्येच आले होते. चित्रित व्यक्तीच्या रक्षणाचा त्या काळातील हा जवळजवळ एकमेव कायदेशीर आधार.

१९८३ मध्ये केंद्रीय मंडळाच्या नावातील ‘परिनिरीक्षण’ जाऊन ‘प्रमाणन’ आले आणि पालकांच्या मार्गदर्शनासाठी ‘यूए’ हा वर्ग निघाला. अमेरिकेत १९९० पासून वर्गवारीबरोबर तिची कारणेही थोडक्यात दिली जाऊ लागली. भारतात मात्र अक्षरच राहिले. पडद्यावर आशयाविषयी सक्तीची पहिली ठळक सूचना आली ती २०१२ पासून आणि तीही तंबाखूची. नायकाच्या हातात विडी दिसताच पडद्याच्या तळाशी आरोग्यविषयक इशारा उमटू लागला. त्याच नायकाने पुढच्या दृश्यात कोणाचे डोके फोडले, तर पडद्याचा तळ कोराच. आशयाचे वर्णन करणारी पूर्वसूचना, म्हणजे भाषा, लैंगिक दृश्ये, हिंसा, अमली पदार्थ इत्यादींचा उल्लेख, बंधनकारक झाली ती २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी आणि तीही आंतरजालावरून प्रसृत होणाऱ्या चित्रपट-मालिकांपुरती. २०२३ च्या दुरुस्तीने चित्रपटांच्या ‘यूए’ वर्गाचे सात, तेरा व सोळा वर्षे असे पोटभेद केले.

राईनपाडा, २०१८ : साक्री तालुक्याचा पश्चिम भाग डोंगराळ असून नाशिक जिल्ह्याला व गुजरातला लागून आहे, वस्ती मुख्यतः आदिवासी. १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, राईनपाड्याच्या आठवडे बाजारात पाच भिक्षेकरी आले. ते नाथपंथी डवरी गोसावी होते व त्यांपैकी बहुतेक सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढे तालुक्यातील होते. भगवी वस्त्रे लेवून, भैरवनाथाचे नाव घेत व डवर वाजवीत गावोगाव भिक्षा मागणारा हा समाज महाराष्ट्रात भटक्या जमातींत मोडतो. बायकामुलांसह महिनोन् महिने घराबाहेर राहावयाचे, एखाद्या मोठ्या गावाजवळ पाले टाकावयाची आणि भोवतालच्या वाड्या-वस्त्यांवर फिरावयाचे, हा त्यांचा पिढीजात क्रम. अनोळखी गावात शिरणे हाच ज्याचा व्यवसाय, त्याला अनोळखीपणाचीच शिक्षा झाली. मुले पळविणारी टोळी आल्याची हाकाटी झाली; जमावाने पाचही जणांना मारझोड करून ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि तेथे त्यांचे प्राण जाईपर्यंत मारले. मारहाणीचे चित्रण भ्रमणध्वनींवर झाले व तेही राज्यभर फिरले. वीसहून अधिक व्यक्तींना लगेच अटक झाली आणि विशेष सरकारी वकील म्हणून मूळचे जळगावचे उज्ज्वल निकम यांची नेमणूक करण्यात आली.

त्या उन्हाळ्यात मुले पळविणाऱ्यांच्या अफवेने देशाच्या अनेक राज्यांत माणसे मारली गेली होती. आसामपासून तमिळनाडूपर्यंत भाषा बदलली, अफवा तीच राहिली. तिला बळ देणाऱ्या चित्रफितींपैकी सर्वांत अधिक फिरलेल्या एकीचा इतिहास प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचा आहे. ती मूळची कराचीची. मुलांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या तेथील एका संस्थेने २०१६ मध्ये जनजागृतीसाठी एक लघुपट काढला. त्यात मोटारसायकलवरून दोघे जण येतात, रस्त्यावर खेळणाऱ्या मुलातील एकास उचलून नेतात, क्षणभराने परत येतात, त्याला जागच्या जागी सोडतात आणि एक फलक उघडून दाखवितात: मूल पळविण्यास इतकाच वेळ लागतो. भारतात फिरलेल्या प्रतीत हा शेवटचा भाग नव्हता. मूल उचलले जाते, तेथेच चित्रफीत संपत होती. जो लघुपट स्वतःच एक पूर्वसूचना होता, त्याचे सूचना देणारे क्षणच कोणीतरी कापून टाकले होते. सीरियात २०१३ साली विषारी वायूने मेलेल्या मुलांची छायाचित्रेही याच काळात अवयव काढून घेतलेली मुले म्हणून पसरली.

परिनिरीक्षण मंडळाच्या कात्रीची चर्चा महाराष्ट्रात अर्धशतक चालली. पण ती कात्री नोंद ठेवणारी होती. कापले आहे हे सांगणारा त्रिकोण प्रमाणपत्रावर उमटत असे. कराचीच्या लघुपटावर चाललेल्या कात्रीचा कोणताही त्रिकोण उमटला नाही. तंबूतील प्रेक्षकाला जे अनायासे मिळत होते, म्हणजे हे खेळाचे आहे, याला आरंभ व शेवट आहे, दाखविणारा अमुक आहे, त्यांपैकी एकही गोष्ट भ्रमणध्वनीवरील चित्रफितीबरोबर येत नव्हती. ती ओळखीच्या माणसाकडून येत असे, आणि हाच तिचा विश्वासाचा शिक्का होता. म्हणून राईनपाड्याचे लोक अडाणी होते, असे म्हणून हा विषय संपविता येत नाही. हीच चित्रे शहरांतील सुशिक्षितांनीही एकमेकांना पाठविली होती. आपल्या मुलांचे भय वाटणे यात अडाणीपण नाही. दारुण गोष्ट एवढीच की, ज्या आदिवासी समाजाला चित्रपटांनी दीर्घकाळ ‘बाहेरचा’ म्हणून रंगविले, त्याच समाजाच्या वस्तीत दुसरा एक बाहेरचा समाज बळी पडला.

त्याच सुमारास राईनपाड्यापासून फार दूर नसलेल्या मालेगावातही मुले पळविणारे म्हणून परगावचे एक कुटुंब जमावाने घेरले होते. तेथे एका रहिवाशाने त्यांना आश्रय दिला व पोलिसांनी जमावाला तोंड देऊन त्यांची सुटका केली. अफवा तीच, चित्रेही त्याच प्रकारची. फरक पडला तो दार लावून उभ्या राहिलेल्या एका माणसाने.

जुलै २०१८ मध्येच केंद्र शासनाने व्हॉट्सॲप कंपनीला समज दिली. कंपनीने वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन अफवा ओळखण्याच्या सूचना प्रसिद्ध केल्या, पुढे पाठविलेल्या संदेशावर तसा निर्देश दिसू लागला आणि भारतात एकाच वेळी पाचांहून अधिक ठिकाणी संदेश पाठविण्यास आळा बसला. १७ जुलै रोजी सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला खटल्यात झुंडबळीसंबंधी राज्यांना विस्तृत निदेश दिले: प्रत्येक जिल्ह्यात वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याची नेमणूक, अफवा पसरविणाऱ्यांविरुद्ध कारवाई, जलदगती खटले, पीडितांना भरपाई. ‘पुढे पाठविलेला’ हा निर्देश संदेश दुसरीकडून आला एवढेच सांगतो. तो कोठून निघाला, त्यातून काय गळाले आणि त्यात दिसणारी माणसे कोण, हे त्यावरून कळत नाही. राईनपाड्याच्या घटनेनंतर डवरी गोसावी व अन्य भटक्या समाजांच्या संघटनांनी फिरस्तीवर असलेल्यांना ओळखपत्र व संरक्षण मिळावे, अशी मागणी शासनाकडे केली. २०२१ चे नियम व २०२३ ची दुरुस्ती यांतील आशयसूचनांचा रोख पाहणाऱ्याचे वय आणि पाहणाऱ्याची संवेदना यांकडेच आहे.